मशीन चालतंय, मग हात कशाला लावायचा?

पत्र थोडक्यात असं: ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंचं आहे, वय ५६. तळमजल्यावरच्या घरातलीच एक खोली, तिथे १९९८पासून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून पानं लावण्याचं, काम. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, प्रबंधांचं टायपिंग आणि दरवर्षी एका दिवाळी अंकाची पानं. मशीन २०१७मध्ये असेंबल करून घेतलेलं: सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर पानं लावायचं जुनं पेजमेकर सॉफ्टवेअर आणि डाँगल (मशिनला लावायची किल्लीसारखी छोटी वस्तू) लावल्याशिवाय न उघडणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. गेल्या ऑक्टोबरपासून स्क्रीनवर सारखं येतंय की या विंडोजचा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, नवं घ्या, ४८ हजार. ऐरोलीला आयटीत असलेला भाचा म्हणतो, 'मावशी, अर्ध्या तासात विंडोज अकरा टाकून देतो.' यजमान म्हणतात, चालत्या गाड्याला खीळ कशाला? ताई विचारतात, एक दिवस मशीन सकाळी उघडलंच नाही तर? आणि आता चार-पाच वर्षंच काम करायचंय, तेवढ्यासाठी एवढा खर्च करावा का? बँकेचं काम, गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप, त्यांचे पेनड्राइव्ह, सगळं याच मशिनवर. 'मला टेक्निकल काही कळत नाही' हे वाक्य पत्रात दोनदा आहे.

ताई,

मशीन सकाळी उघडेल. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट थांबवला, मशीन थांबवलं नाही. १५ तारखेलाही तुम्ही पत्रिका छापल्या असतील. एखाद्या सकाळी ते खरंच उघडलं नाही, तर दोष त्या तारखेचा नसेल, आठ वर्षं गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा असेल. त्याकडे येतोच, कारण माझ्या मते तुमची खरी काळजी तिथे आहे.

आणि ते 'टेक्निकल कळत नाही' पुन्हा लिहू नका. रफार कुठल्या कीवर आहे, ऑल्ट दाबून कुठले आकडे मारले की हवं ते जोडाक्षर येतं, हे ज्यांच्या बोटांना पाठ आहे त्यांना काही कळत नाही हे मी मानणार नाही. तुम्हाला तिघांनी तीन निकाल ऐकवले, पण त्यामागचं कारण कुणीच सांगितलं नाही. एवढंच झालंय.

तर थांबलं काय? दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवतं. विंडोजमध्ये नवनवी भोकं सापडत राहतात, ती बुजवण्याचं हे काम. आता ती गवंडीकामाची फेरी विंडोज १०कडे यायची बंद झाली. गोम अशी की विंडोज ११साठीची दुरुस्ती बाहेर पडली की तिच्यात नेमकं काय बदललं हे जाणकारांना उलगडून पाहता येतं. तेच भोक दहामध्ये असेल तर ते तिथे उघडंच राहतं, आणि चोराला पत्ताही आयता मिळतो. डिफेंडर या अँटिव्हायरसला ऑक्टोबर २०२८पर्यंत नव्या व्हायरसची ओळख मिळत राहणार आहे, हे खरं. पण अँटिव्हायरस म्हणजे जिन्यात बसलेला रखवालदार. तो चोर ओळखेल, दाराची मोडलेली कडी बसवून देणार नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ आठवा. मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करणारा व्हायरस आला, जूनमध्ये तसाच नॉटपेट्या. दोघांनी ज्या भोकाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवली होती. जूनच्या हल्ल्यात उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम कोलमडलं होतं. म्हणजे या गोष्टी अमेरिकेतच घडतात असं नाही.

म्हणून यजमानांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. गाडा चालतोय, पण त्याच गाड्यावर तुम्ही छपाईचा माल आणि घरची तिजोरी दोन्ही लादली आहेत. पत्रिकेच्या कामासाठी तुमच्या मशिनला इंटरनेट मुळीच लागत नाही. पेजमेकरला लागत नाही, फॉन्टला लागत नाही, प्रिंटरला तर नाहीच. इंटरनेट लागतं ते बँकेला, ईमेलला, व्हॉट्सॲपला. आणि नेमकं याच कामांना जुनं पेजमेकर लागत नाही. ही दोन कामं एका पेटीत का आहेत? कारण १९९८मध्ये घरात दुसरी पेटी परवडत नव्हती, नंतर सवय झाली. 'अपग्रेड करू की नको' याचं उत्तर मला या दोन कामांसाठी वेगवेगळं द्यावंसं वाटतं.

त्याआधी माझी एक फजिती सांगतो. २०२०च्या जानेवारीत विंडोज सेव्हनचा सपोर्ट संपला तेव्हा मी, लोकांना सल्ले देणारा माणूस, घाईघाईनं घरचं मशीन साफ करून नवी विंडोज टाकली. फाइल सगळ्या कॉपी केल्या होत्या, दोनदा मोजल्या होत्या. त्यात वडिलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी होत्या, साठेक पानं, नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा मराठी फॉन्टमध्ये. नव्या विंडोजवर फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. फाइल शाबूत होती, फॉन्ट राहिला होता. तो ज्या फ्लॉपीवर आला होता ती कधीच भंगारात गेली होती. आईनं कपाटात साड्यांखाली एक छापील प्रत ठेवली होती म्हणून वाचलो. महिनाभर रोज रात्री दोन-दोन पानं पुन्हा टाइप केली, या वेळी युनिकोडमध्ये.

असं का होतं हे तुम्हाला ठाऊक असेल, पण इतर वाचकांसाठी सांगतो. त्या जुन्या फॉन्टमध्ये मशीन मराठी साठवतच नाही. कृतिदेवमध्ये तुम्ही 'मराठी' हा शब्द टाइप केलात तर मशिनच्या लेखी तो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा असतो. फॉन्ट फक्त त्या ई-चं चित्र 'म'सारखं काढतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये 'म' हा 'म' म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो मोबाइलवरही दिसतो आणि गूगललाही सापडतो.

तेव्हा तुमची मिळकत म्हणजे ते मशीन नव्हे, आणि नुसत्या फाइलही नव्हेत. फाइल, त्या उघडणारं पेजमेकर, फॉन्ट आणि तो बोटभर डाँगल, हे चारही एकत्र असतील तरच पावशतकाचं काम जिवंत आहे. नवं मशीन ४८ हजारांत मिळेल, डाँगल हरवला तर कदाचित कितीही पैशांत मिळणार नाही. दुकानदारानं किंमत सांगितली, पण डाँगलबद्दल एक शब्द विचारला का? पत्रात तरी दिसला नाही.

आता भाच्याकडे येऊ. पोरगा मायेनं म्हणतोय, आणि तो म्हणतो ते होईलही. पण विंडोज ११ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षेची सोय. तुमचा सातव्यातला, म्हणजे एका इयत्तेनं नापास. ही तपासणी चुकवून अकरा बसवता येतं, इंटरनेटवर शंभर जण युक्ती सांगतील. मात्र अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलेलं आहे. अपडेट मिळावेत म्हणून अपग्रेड करायचं आणि अपडेटचाच भरवसा नाही, मग मिळवलं काय? त्याच्या स्वतःच्या गेमिंगच्या मशिनवर त्यानं खुशाल करावं. ज्या मशिनवर परवाच्या मुहूर्ताच्या चारशे पत्रिका अडकल्या आहेत त्यावर नको.

आणखी एक गोष्ट त्यानं पाहिलेली नसणार. विंडोज १० जुन्या ३२ बिट आणि नव्या ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायचं, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं दहा ३२ बिटचं असेल (जुन्या सॉफ्टवेअरसाठी पुष्कळ डीटीपीवाल्यांनी मुद्दाम तेच ठेवलं होतं), तर ते वरच्यावर अपग्रेड होतच नाही, सगळं पुसूनच टाकावं लागतं. शिवाय ३२ बिटचे ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांची गाठ घालून देणारी छोटी सॉफ्टवेअरं) ६४ बिटवर चालत नाहीत, आणि डाँगलला ड्रायव्हर लागतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे सर्वांत खाली अबाउट, त्यात 'सिस्टिम टाइप'समोर काय लिहिलंय ते आजच बघा. मग फॉन्टच्या कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारा: माझा हा डाँगल ६४ बिटच्या विंडोज ११वर चालेल का, नसेल तर बदलून किती पैसे? हा फोन दुकानदाराने करायचा नाही, तुम्ही करायचा. नवं मशीन घ्यायचं की नाही यापेक्षा त्या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

मी तुमच्या जागी असतो तर आधी मुदत वाढवून घेतली असती. विंडोज १०ला सुरक्षेचे अपडेट आणखी काही काळ, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं घरगुती मशिनसाठी ठेवली आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवण्याची लिंक दिसते. तिथे मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर एकदाच ३० डॉलर. विंडोज २२एच२ या शेवटच्या आवृत्तीचं असायला हवं. ज्यांची मशिनं कंपनीच्या डोमेनला जोडलेली आहेत त्यांना हे लागू नाही, त्यांच्यासाठी वेगळा आणि बराच महाग दर आहे. लिंक दिसलीच नाही तर आधी ॲक्टिव्हेशनचं पान उघडून पाहा. असेंबल मशिनवर 'ॲक्टिव्हेट करून दिलंय ताई' म्हणजे पुष्कळदा बिनपरवान्याची विंडोज चालू करून दिलेली असते, हे आपण दोघंही जाणतो. तसं असेल तर ते आधी निस्तरा. फुकटात ॲक्टिव्हेट करणारी ती टुलं बरोबर काय घेऊन येतात, हे पाहुणा गेल्यावरच कळतं.

दुसरं काम येत्या रविवारचं. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या आणि दोन्हीवर सगळं उतरवा: फाइल, फॉन्टचा फोल्डर, पेजमेकर आणि फॉन्ट सॉफ्टवेअरच्या सीडीतला मजकूर, प्रिंटरचा ड्रायव्हर. शक्य असेल तर भाच्याकडून संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत, करून घ्या. इथे त्याचा उत्साह खरा कामाला येईल. एक हार्ड डिस्क घरात, दुसरी बहिणीकडे किंवा कुणाहीकडे, पण वरच्या मजल्यावर. तळमजल्यावर राहणाऱ्याला २६ जुलै २००५बद्दल मी वेगळं सांगायला नको. कॉपी झाल्यावर चार जुन्या फाइल त्या डिस्कवरून उघडूनही पाहा. मी तेवढंच केलं नव्हतं.

बॅकअपनंतर पीडीएफची सवय लावा. काम संपलं की मूळ फाइलशेजारी त्याची पीडीएफ ठेवायची. तिच्यात फॉन्ट आत बसवलेला असला की कुठल्याही मशिनवर पान जसंच्या तसं छापता येतं. मागची सगळी दप्तरं काढून बसू नका, त्याला जन्म पुरणार नाही. जी सोसायटी दरवर्षी तोच अहवाल आकडे बदलून मागते, जे पत्रिकेचे मायने लोक पुन्हा पुन्हा निवडतात, तेवढेच वीस-पंचवीस मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि रफार, वेलांट्या डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर हमखास चुकतात, विशेषतः ऱ्हस्व इकार जोडाक्षरावर आला की.

मग दुसरी पेटी. बँक, ईमेल आणि व्हॉट्सॲप एवढ्यासाठी ४८ हजारांचं मशीन लागत नाही. कंपन्यांनी वापरून परत केलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात, त्यातला एखादा चालेल. प्रोसेसर आय-फाइव्हच्या आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा हवा, माझं ऐकाल तर दहाव्या किंवा त्यापुढचा, कारण आठवी जनरेशनही आता म्हातारी होत चालली आहे. विंडोज ११ आधीपासून असावं, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असावी, आणि बिलावर वॉरंटी लिहून घ्यावी. लॅमिंग्टन रोडला दोन हजार कमी पडतील हे मान्य, पण ऐन कामाच्या दिवसात दादरला गाडी बदलून तक्रार घेऊन जाण्यापेक्षा गोखले रोडवर चालत जाता येईल असा दुकानदार बरा. बँकेचं काम तर तोवर मोबाइलवरूनही होईल. उद्यापासूनच त्या जुन्या मशिनवर बँक उघडू नका.

नवा लॅपटॉप हातात आल्यावर एक करायचं. विंडोज ११ पुष्कळदा आपण न सांगताच डिस्क कुलूपबंद करतं आणि चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवतं. ती ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या फायलीत ठेवा. निळी स्क्रीन ती मागेल तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवत नसतो, असा अनुभव आहे.

मग जुनं मशीन इंटरनेटवरून काढा. वायफाय बंद, केबल बाहेर. त्यावर पत्रिका चालू द्या, दोन वर्षं, चार वर्षं, डिस्क साथ देईल तोवर. ती फिरणारी डिस्क बदलून तिथे एसएसडी घातली (इमेज आहेच हाताशी) तर मशीन पळायलाही लागेल, आणि सकाळी न उघडण्याची भीती पुष्कळ कमी होईल.

मात्र नेट तोडलं म्हणजे सोवळं झालं असं नाही. तुमच्याकडे विटाळ येतो तो पेनड्राइव्हमधून. गिऱ्हाईक जो पेनड्राइव्ह तुमच्या हातात ठेवतं तो त्याआधी सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात आणि मुलाच्या कॉलेजात फिरून आलेला असतो. तो थेट जुन्या मशीनला लावायचा नाही. मजकूर ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागवायचा, लॅपटॉपवर उघडायचा, तपासायचा आणि आपल्या स्वतःच्या एकाच पेनड्राइव्हनं पलीकडे न्यायचा. जुन्या गिऱ्हाइकांना सुरुवातीला राग येईल. 'मशीनला बाहेरचं चालत नाही, पथ्य आहे' म्हणून सांगा, ठाण्यातल्या माणसाला पथ्य लगेच पटतं. लोकांची आधार आणि पॅनची चित्रं मात्र काम झालं की दोन्हीकडून पुसा. प्रबंध टाइप करून देणाऱ्याकडे लोकांचं आधार तीन वर्षं पडून असायचं काही कारण नाही.

हे सगळं कधी करायचं, तर लगीनसराईत अजिबात नाही. या वर्षी पंचांगानं तुमची सोय केली आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मुहूर्त नाहीत, पत्रिका नाहीत, दिवाळी अंकाची पानं यायला अवकाश. जावयांना वाण जातील तेव्हा तुम्ही मशीन हलवा. ऑक्टोबरची मुदत तोवर चार महिने लांब असेल, म्हणजे काही बिघडलं तर निस्तरायलाही वेळ आहे.

आता ते 'चार-पाच वर्षंच'. मला वाटतं हा हिशेब मशिनचा नाहीच, तुमच्या थकव्याचा आहे, आणि थकायला हक्क आहे तुम्हाला. पण चार-पाच वर्षं म्हणजे संगणकाच्या आयुष्यात पुष्कळ. सेव्हनचंच पाहा: सपोर्ट २०२०मध्ये संपला, २०२३मध्ये क्रोमनं त्याला सोडलं, मग एकेक साइट कुरकुरायला लागली. एका दिवसात काही झालं नाही, हळूहळू सगळीकडून दारं लागली. तुमच्या दहाचंही तसंच होईल, आणि ते नेमकं या चार-पाच वर्षांतच. शिवाय पत्रिका मोबाइलवर पाठवणारी जी मंडळी आता येतात, त्यांना पीडीएफ आणि युनिकोडच लागतं. काम थांबवायचं तर तुमच्या मर्जीनं थांबवा, मशीनच्या नको.

ज्यांचं मशीन २०१८नंतरचं आहे आणि त्यावर असं डाँगलचं लचांड नाही, त्यांनी एवढा विचार करण्यात अर्थ नाही. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचंच छोटं ॲप चालवा. चालेल म्हणालं तर बॅकअप घ्या आणि रात्री अपग्रेडला लावून झोपा. नाही आवडलं तर पहिल्या दहा दिवसांत परत दहावर जाता येतं. टीपीएम नाही असं आलं तरी घाबरू नका, बऱ्याच मशिनांत तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशिनच्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेला असतो. आणि ज्या आजोबांचं जुनं मशीन नापास झालं पण काम फक्त पेपर वाचणं आणि नातवाशी व्हिडिओवर बोलणं एवढंच आहे, त्यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम पुरेल. पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येतं, मराठीही नीट दिसते. ताई, तुम्हाला ते सुचवत नाही, पेजमेकर आणि डाँगल तिथे तुमचं ऐकणार नाहीत.

डाँगल जुना, प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसणारा निघाला, तर मला पुन्हा लिहा. नव्या मशीनवर ते पोर्ट बहुधा नसतं, मग वेगळा विचार करावा लागेल. यूएसबीचा असेल तर भाच्याला सांगा, पुढेमागे जुनं अख्खं मशीनच नव्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवून बघ. त्याला असल्या कामाचीच हौस असणार. फक्त रविवारी तो यायच्या आधी मशिनच्या मागे जाऊन, कुठली वायर कुठे आणि डाँगल कुठल्या खाचेत, याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.